‘ने’ म्हणजे हो की नाही?

ग्रीसमधल्या थेसालोनिकीहून उत्तरेला निघालं की साधारण शंभर किलोमीटरवर बल्गेरियाची हद्द लागते. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया शेंगेन व्यवस्थेत, म्हणजे आपसांतल्या हद्दींवरची तपासणी उठवलेल्या युरोपीय देशांच्या गटात, पूर्णपणे आली आणि या हद्दीवरची पासपोर्टची नेहमीची तपासणी बंद झाली. आता माणसं सरळ आरपार जातात. पण त्या रेषेवर एक छोटा शब्द अजूनही उलटा होतो. अलीकडे ग्रीसमध्ये ‘कॉफी आणू का?’ याला ‘ने’ म्हटलं तर कॉफी येते. पलीकडे बल्गेरियात तेच ‘ने’ म्हटलं तर येत नाही. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो, बल्गेरियनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही.

त्यात मानेची भर. बल्गेरियन माणूस हो म्हणताना मान आडवी हलवतो. ग्रीक माणूस नाही म्हणताना मान किंचित वर उचलतो, भुवया उडवतो आणि पुष्कळदा तोंडाने ‘च्यक्’ करतो. हे शेवटचं आपल्याला शिकवायला नको.

जगाला हा गोंधळ एकदा टीव्हीवर दिसला होता. ५ जुलै २०१५ रोजी ग्रीसमध्ये कर्जाच्या अटींवर सार्वमत झालं. एका बाजूच्या फलकांवर जी अक्षरं होती, ती रोमन समजून वाचली तर ‘नाय’ होतात. दुसऱ्या बाजूच्या फलकांवरचा शब्द ‘ऑक्सी’ वाटत होता. ‘नाय’वाले नकार देतायत असं एखाद्या मुंबईकराला वाटलं असेल तर त्याला हसू नये. प्रत्यक्षात ‘नाय’ दिसणारा शब्द ‘ने’ असा उच्चारतात आणि तो होकार. ‘ऑक्सी’ दिसणारा शब्द साधारण ‘ओही’ असा उच्चारतात आणि तो नकार. त्या दिवशी ६१ टक्क्यांहून जास्त मतं ‘ओही’ला पडली.

प्रश्न असा की, शेजारी राहणाऱ्या, शेकडो वर्षं एकमेकांशी व्यापार आणि लढाया करणाऱ्या लोकांत ‘हो’ आणि ‘नाही’साठी एकच आवाज कसा आला? या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपण संस्कृतपर्यंत येऊन पोचतो.

युरोपभर फिरणारा ‘ने’

आधी हा आवाज कुठे काय काम करतो ते पाहू. लिहिण्यात आणि स्वराच्या लांबीत थोडे फरक आहेत, पण आपल्या कानाला सगळीकडे ‘ने’च ऐकू येतं.

चेक, सर्बियन, बल्गेरियन, लिथुआनियन, लाटवियन या सगळ्या भाषांत ‘ने’ म्हणजे नाही. फ्रेंचमध्ये ‘ने’ हा नकाराचा अर्धा तुकडा आहे. उरलेला अर्धा ‘पा’. इटालियनमध्ये ‘ने’ म्हणजे ‘त्यातलं’: दुकानात पीच दाखवून ‘ने वोल्यो दुए’ म्हटलं की ‘त्यातले दोन हवेत’. हंगेरियनमध्ये ‘ने’ म्हणजे ‘नको’, आणि साध्या ‘नाही’साठी वेगळा ‘नेम’. म्हणजे ‘जाऊ नको’ आणि ‘जात नाही’ यांत आपण जो फरक करतो, तोच. फिनिशमध्ये ‘ने’ म्हणजे ‘ते’ किंवा ‘त्या’. तुर्कीत ‘ने’ म्हणजे ‘काय’.

जर्मनीत तर एकाच माणसाच्या तोंडी तीन ‘ने’ सापडतात. बोलीतला ‘ने’, जरा लांबवला की, ‘नाही’. ‘आइनं’ म्हणजे ‘एक’, त्याचं घाईतलं रूपही ‘ने’. आणि वाक्याच्या शेवटी लावायचा ‘ने?’ म्हणजे आपला ‘ना?’. ‘शोन हिअर, ने?’ म्हणजे ‘छान आहे इथे, ना?’ जर्मनीला नोकरीसाठी गेलेल्या मराठी मंडळींना जर्मन व्याकरण छळतं, पण हा शेवटचा ‘ने’ शिकावा लागत नाही. पोर्तुगीजमध्येही वाक्याच्या शेवटी ‘ने?’ लावतात, तो ‘नाँव ए’, म्हणजे ‘नाही आहे?’, याचा आकसलेला अवतार.

आणि चेक लोकांनी एक जास्तीची गंमत करून ठेवली आहे. त्यांच्याकडे हो म्हणजे ‘आनो’, पण बोलताना पुढचा ‘आ’ गळतो आणि उरतो ‘नो’. प्रागच्या ट्रॅममध्ये कोणी फोनवर ‘नो, नो, नो’ करत असेल तर तो भांडत नसतो, समोरच्याला दुजोरा देत असतो. ऑक्टोबर २०२५ ची तिथली निवडणूक ज्या पक्षाने जिंकली त्याचं नावही ‘आनो’. मूळ लांबलचक नावाची ती आद्याक्षरं आहेत, त्या नावाचा अर्थ ‘असमाधानी नागरिकांची कृती’ असा काहीसा. तक्रारीतून ‘होय’ काढणारा हा पक्ष नाव ठेवण्यात तरी हुशार म्हणायला हवा.

यातले सख्खे कोण?

कोल्हापुरात एक पाटील भेटले आणि जळगावात दुसरे, म्हणून ते भावकीतले ठरत नाहीत. नातं सांगायचं तर वंशावळ काढावी लागते. शब्दांचंही तसंच. आवाज सारखा आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

शब्दांची वंशावळ काढण्याची रीत अशी. संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन, रशियन, लिथुआनियन, जर्मन, इंग्रजी या भाषा एका जुन्या भाषेपासून निघाल्या असं मानलं जातं. ती भाषा कोणी लिहून ठेवलेली नाही; तिच्या मुलींची तुलना करून तिचे शब्द अंदाजाने उभे केले जातात. या कुटुंबाला इंडो-युरोपीय भाषाकुळ म्हणतात. ही एकच संज्ञा लक्षात ठेवली तरी पुढचं सगळं कळेल.

या कुळात आवाज बदलतात, पण शिस्तीने बदलतात. संस्कृतात एक शिस्त अशी दिसते की मूळ भाषेतला ‘ए’ तिथे ‘अ’ झाला. लॅटिनमध्ये ‘एस्त’, संस्कृतात ‘अस्ति’. लॅटिनमध्ये ‘सेप्तेम’, संस्कृतात ‘सप्त’. ग्रीकमध्ये ‘पेंते’, संस्कृतात ‘पञ्च’. मग मूळ भाषेत नकाराचा शब्द ‘ने’ असेल तर संस्कृतात तो काय व्हायला हवा? ‘न’. आणि तो तसाच आहे. चेक, सर्बियन, बल्गेरियन, रशियन अशा स्लाव्ह भाषांतला ‘ने’, लिथुआनियन ‘ने’, जुन्या लॅटिनमधला ‘ने’, फारसीतला ‘न’ आणि आपल्या ‘नाही’, ‘नको’, ‘नसणे’, ‘नव्हे’ यांच्या तोंडाशी बसलेला ‘न’ ही सगळी एका घरची माणसं.

यातलं सगळ्यात देखणं नातं रशियन भाषेतलं आहे. रशियन ‘न्येत’ हा शब्द शीतयुद्धाच्या बातम्यांमुळे सगळ्या जगाला माहीत झाला. तो फोडला तर ‘ने’ अधिक ‘येस्त’ अधिक ‘तू’ निघतो: ‘नाही, आहे, इथे’. यातले पहिले दोन तुकडे जोडले की संस्कृत ‘न’ अधिक ‘अस्ति’, म्हणजेच ‘नास्ति’. संयुक्त राष्ट्रसंघात सोव्हिएत प्रतिनिधी ‘न्येत’ म्हणायचे तेव्हा ते एका अर्थी नास्तीच म्हणत होते.

बाकीचे ‘ने’ मात्र फक्त आडनावबंधू. इटालियन ‘ने’ लॅटिनमधल्या ‘इन्दे’पासून आला, त्याचा अर्थ ‘तिथून’. हंगेरियन, फिनिश आणि तुर्की या इंडो-युरोपीय कुळातल्या नाहीतच. तुर्कीत तर मौज अशी की ‘काय’ या अर्थाचा ‘ने’ त्यांचा घरचा आहे, आणि ‘ने चाय, ने काहवे’ म्हणजे ‘ना चहा, ना कॉफी’ यातला जोडीचा ‘ने’ फारसीतून उसना आणलेला. एकाच भाषेतल्या या दोन ‘ने’पैकी एक परका, आणि नेमका तोच आपल्या ‘न’चा चुलतभाऊ.

पण इतका योगायोग होईलच कसा?

ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर गणितात आहे. समजा एखाद्या भाषेत वीस व्यंजनं आणि पाच स्वर आहेत. एक व्यंजन आणि एक स्वर मिळून होणारी अक्षरं झाली फक्त शंभर. रोज हजार वेळा लागणारे शब्द लहान असावेत याकडे प्रत्येक भाषेचा कल असतो: हो, नाही, ते, काय, की, ना, तर. या शंभर घरांत इतकी पिल्लं कोंबायची तर दोन भाषांची एकाच घरात गाठ पडणारच. उलट ती पडली नसती तर नवल होतं.

हवा असेल तर आणखी एक पुरावा. कोरियन भाषेत होकारासाठी ‘ने’ म्हणतात, अगदी ग्रीकसारखाच. ग्रीक आणि कोरियन बहिणी आहेत असं कोणी म्हणत नाही. कोकणातला ‘नाय’ घ्या. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीकमधल्या होकाराचा उच्चार ‘नाइ’ असा होता, आपल्या ‘नाय’ला जवळजवळ चिकटून. पुढे ग्रीकमधल्या त्या जोडस्वराचा ‘ए’ झाला आणि ‘नाइ’चा ‘ने’ बनला. लिहायची पद्धत जुनीच राहिली, म्हणून २०१५ च्या फलकांवर आपल्याला ‘नाय’ दिसला.

म्हणजे ग्रीक लोकांनी मुद्दाम उलटा अर्थ घेतला, किंवा कधीतरी ‘नाही’चा ‘हो’ झाला, असं काही घडलेलं नाही. बायबलच्या ग्रीक नव्या करारात ‘तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं’ अशी शिकवण आहे. तिथेही शब्द ‘नाइ नाइ, ऊ ऊ’ असेच आहेत. ग्रीक होकार आधीपासून होकारच होता.

खरं कोडं वेगळंच आहे. ग्रीक भाषा जर याच कुळातली, तर तिचा स्वतःचा नकारार्थी ‘ने’ गेला कुठे?

नकार झिजतो

याचं उत्तर एका डॅनिश माणसाने दाखवून दिलेल्या वाटेवर सापडतं. ओटो येस्पर्सन हे इंग्रजी व्याकरणातलं मोठं नाव. १९१७ मध्ये त्यांनी नकाराचा इतिहास मांडला. त्यात त्यांनी दाखवलं की नकाराचा शब्द वाक्यात फार महत्त्वाचा असतो, पण आवाजाने किरकोळ. बोलताना तो शेजारच्या शब्दात दबून जातो. ऐकणाऱ्याचा ‘हो’चा ‘नाही’ आणि ‘नाही’चा ‘हो’ होऊ नये म्हणून बोलणारा त्याला टेकू देतो. काही पिढ्यांनी तो टेकूच नकार होऊन बसतो आणि मूळ शब्द गळून जातो. मग नवा नकार झिजायला लागतो. पुढे या फेऱ्याला येस्पर्सन यांचंच नाव पडलं.

फ्रेंचमध्ये हा फेरा आजही डोळ्यांदेखत चालू आहे. जुन्या फ्रेंचमध्ये क्रियापदाआधी नुसता ‘ने’ पुरेसा होता. मग लोक जोर द्यायला लागले: एक पाऊलही चालत नाही, एक थेंबही पीत नाही, एक कणही खात नाही, टिंबाएवढंही दिसत नाही. पाऊल म्हणजे ‘पा’, थेंब ‘गूत’, पावाचा कण ‘मी’, टिंब ‘प्वँ’. आपणही ‘तिळमात्र शंका नाही’, ‘कवडीचा उपयोग नाही’ म्हणतो, तसंच हे. या शर्यतीत पाऊल जिंकलं. न चालणाऱ्या गोष्टींनाही लोक ‘पा’ लावू लागले, आणि ‘एक पाऊल’ हा अर्थच पुसला गेला. आज शाळेत ‘ने’ आणि ‘पा’ दोन्ही लिहायला लावतात, पण रस्त्यावर ‘मला माहीत नाही’ हे ‘ज से पा’, खरं तर ‘शे पा’ असंच ऐकू येतं. ‘ने’ गेला. ‘पा माल’ म्हणजे ‘वाईट नाही’. शब्दशः पाहिलं तर ते ‘पाऊल वाईट’ झालं. हजार वर्षांपूर्वीच्या फ्रेंच माणसाला ते ऐकवलं तर तो गोंधळून जाईल.

इंग्रजीही याच वाटेने गेली. जुन्या इंग्रजीत ‘ने’ होता आणि तो क्रियापदाला चिकटायचा: ‘ने’ अधिक ‘इज’ म्हणजे ‘निस’. आपल्या ‘न’ अधिक ‘असणे’ बरोबर ‘नसणे’चीच ही घडण. मग ‘काहीही नाही’ अशा अर्थाचा टेकू आला, त्याचा आकसत ‘नॉट’ झाला आणि ‘ने’ गेला. ‘नेव्हर’, ‘नन’, ‘नॉर’ या शब्दांच्या तोंडाशी मात्र तो अजून अडकून बसलाय. जर्मन ‘नाइन’ म्हणजे ‘ने’ अधिक ‘एक’, म्हणजेच ‘एकही नाही’. लॅटिनचा ‘नोन’ही तसाच, ‘ने’ अधिक ‘एक’. त्या ‘नोन’मधूनच पुढे फ्रेंचचा ‘ने’ आला. म्हणजे फ्रेंच ‘ने’ हा झिजलेल्या नकाराला टेकू देऊन बनलेला आणि पुन्हा झिजलेला नकार आहे.

आता ग्रीक. ग्रीकमध्ये हा फेरा इतक्या आधी पुरा झाला की आपल्याला मिळणाऱ्या जुन्यातल्या जुन्या ग्रीकमध्येही स्वतंत्र ‘ने’ नाही, ‘ऊ’ आहे. अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात की हा ‘ऊ’ मुळात टेकूच होता: ‘आयुष्यात कधी नाही’ यातला ‘आयुष्यात’. अमेरिकेतले वॉरन काउगिल यांनी १९६० मध्ये हे मांडलं. त्यांच्या मते ‘ऊ’ आणि संस्कृत ‘आयु’ हे दोन्ही एकाच मुळातून आले. ‘ने’ गळाला, ‘आयु’ उरला आणि तोच नकार झाला.

आणि ग्रीक तिथेही थांबली नाही. ‘ऊ’ला टेकू देत ‘ऊदेन’, ‘एकही गोष्ट नाही’, असा शब्द झाला. मग त्यातला ‘ऊ’ही गळाला. आजच्या ग्रीकमध्ये क्रियापदाआधी जो नकार येतो तो ‘धेन’. म्हणजे नकाराचा मूळ तुकडा सांडला आणि ‘एक गोष्ट’ एवढाच भाग शिल्लक राहिला. जुन्या ‘ऊ’चा दुसरा वारस ‘ओही’. दरवर्षी २८ ऑक्टोबरला ग्रीस ‘ओही दिवस’ पाळतं. १९४० मध्ये त्या दिवशी पंतप्रधान मेटाक्सास यांनी मुसोलिनीची धमकी झुगारली होती. प्रत्यक्षात त्यांनी इटालियन राजदूताला फ्रेंचमधून ‘मग हे युद्धच झालं’ असं उत्तर दिलं, पण लोकांनी ‘ओही’च लक्षात ठेवला.

तर ग्रीकमध्ये ‘ने’ या आवाजाची जागा केव्हाची रिकामी पडली होती. होकाराचा ‘नाइ’ बदलत बदलत तिथे येऊन बसला तेव्हा हरकत घ्यायला घरात कोणी नव्हतं. स्लाव्ह लोक नंतर, सहाव्या-सातव्या शतकात, बाल्कन प्रदेशात उतरले आणि आपला जुना ‘ने’ घेऊन ग्रीकांच्या शेजारी राहू लागले.

नकाराचं एक रूप मात्र ग्रीकनेही जपलं: शब्दाआधी लागणारा ‘अ’. संस्कृत ‘अज्ञात’, ग्रीक ‘आग्नोस्तोस’, लॅटिन ‘इग्नोतुस’, इंग्रजी ‘अननोन’. अर्थ एक, घडण एक. शब्दाला घट्ट बांधलेला नकार सुटा नकार झिजतो तितक्या सहज झिजत नाही.

गोव्यातला ‘ना’ पोर्तुगीजांचा का?

कोंकणीत नकार म्हणजे ‘ना’, पोर्तुगीजमध्ये ‘नाँव’, आणि पोर्तुगीज गोव्यात १५१० ते १९६१ होते. त्यामुळे हा तर्क सुचणं साहजिक आहे. तो चुकीचा आहे. कोंकणीच्या शेजारच्या मराठीत, १२९० च्या ज्ञानेश्वरीत, ‘ना तरी’ हा प्रयोग पानोपानी सापडतो. तेव्हा वास्को द गामाच्या आजोबांचाही जन्म झालेला नव्हता. ‘ना’ आणि ‘नाँव’ नात्यातले आहेत हे खरं, पण ते नातं मांडवी नदीवर जुळलेलं नाही. एक ‘न’पासून इकडे आला, दुसरा लॅटिन ‘नोन’पासून तिकडे.

असा घोटाळा भाषा चालवून कसा घेतात?

कारण बोलणाऱ्याला घोटाळा होतच नाही. ग्रीक माणूस ग्रीकशी बोलतो तेव्हा ‘ने’चा एकच अर्थ असतो. गडबड होते ती दोन भाषा जाणणाऱ्याची आणि प्रवाशाची, आणि त्यांच्या सोयीसाठी कोणतीही भाषा बदलत नाही.

एकाच भाषेत एका आवाजाचे दोन अगदी वेगळे अर्थ असले तरी चालतं, याचा दाखला आपल्याच घरात आहे. ऋग्वेदात ‘न’चे दोन अर्थ होतात: एक ‘नाही’, दुसरा ‘सारखा’. वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथात त्याचा कर्ता यास्क याने हे नोंदवलंय. त्याच्या काळच्या बोलीत ‘न’ फक्त निषेधाचा उरला होता, वेदात मात्र दोन्ही. ‘नेन्द्रं देवममंसत’ म्हणजे ‘इंद्राला देव मानलं नाही’. ‘दुर्मदासो न सुरायाम्’ म्हणजे ‘सुरा पिऊन धुंद झालेल्यांसारखे’. फरक कसा ओळखायचा तेही यास्क सांगतो: ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी ‘न’ आला तर तो नकार, ज्याची उपमा द्यायची त्याच्यानंतर आला तर ‘सारखा’. वेद म्हणणाऱ्याला संदर्भ आणि जागा एवढ्यावर भागत होतं. तुर्की माणसाचं दोन ‘ने’ घेऊन भागतं तेही असंच.

प्रवाशाने काय करावं? ग्रीसमध्ये नको असेल तर ‘ओही’ स्पष्ट म्हणावं आणि आपली मान हलवण्याची सवय खिशात ठेवावी. आपली ती डोलणारी मान तर बल्गेरियन आणि ग्रीक दोघांनाही कळत नाही.

मराठीतला नकार

आपला ‘नाही’ तसा धडधाकट आहे, कारण तो क्रियापदासारखा चालतो: मी जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत. युरोपात असा चालणारा नकार फिनिशमध्ये आहे. तिथे ‘मी नाही’ला ‘एन’, ‘तू नाही’ला ‘एत’, ‘ते नाहीत’ला ‘एइवॅत’. दोन्ही भाषांचा काडीचा संबंध नसताना ही सोय दोघींनी वेगवेगळी शोधली.

पण झीज इथेही दिसते. ‘नाही’चा ‘नै’, ‘नाय’ होतो. ‘येणार ना?’ मधल्या ‘ना’त नकार नावालाही उरलेला नाही, तिथे तो होकार मागतो. आणि टेकूही आहेत: मुळीच, अजिबात, बिलकूल. ‘दमलास का?’ या प्रश्नाला ‘अजिबात!’ एवढंच उत्तर हल्ली सर्रास ऐकू येतं, ‘नाही’ न उच्चारता. अजून ‘मी अजिबात दमलो’ असं म्हणून कोणी ‘दमलो नाही’ सुचवत नाही. फ्रेंच ‘पा’ने मात्र ती पायरी केव्हाच ओलांडली.